ग्रीनहाऊसमध्ये शेगडी पेटवू नका : गटागटांत फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

‘थंडीत झाडं मरू द्यायची नसतील तर हे सहा उपाय करा’ असा एक मेसेज डिसेंबरपासून सोलापुरातल्या बागप्रेमींच्या गटांत फिरतोय. त्यातले उपाय थोडक्यात असे. दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत गच्चीवरचं ग्रीनहाऊस प्लास्टिकनं चहूबाजूंनी घट्ट बंद ठेवा. रात्री आत कोळशाची शेगडी ठेवा, तिच्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हे झाडांचं खाद्य आहे. फुलांचं कुठलंही बी उकळत्या पाण्यात रात्रभर भिजत घाला. ते दोन बोटं खोल पेरा, म्हणजे गारवा लागणार नाही. ट्रेखाली बल्ब लावा. पानं गळायला लागली तर सकाळ-संध्याकाळ कोमट पाणी आणि मूठभर युरिया द्या. आणि खाली शिक्का : हॉलंडमधले शेतकरी असंच करतात.

आजवर मी असले मेसेज न वाचता पुढे सरकवत आले. पण हा आमच्या वन्संनी मनावर घेतला. त्यांच्या माडीवर झोपायच्या खोलीला लागून लांबट गॅलरी आहे, आणि तीच प्लास्टिकनं बंद करून त्यांनी आत ऑर्किड, अँथुरियम, कॅलाथिया आणि पिटुनियाच्या बियांचे ट्रे मांडलेत. फोनवर म्हणाल्या, ‘‘अगं, शेगडी माळ्यावरून काढलीय, कोळसे तेवढे आणायचेत.’’ मी तडक जाऊन ती शेगडी खाली आणली. त्या अजून फुरंगटलेल्या आहेत. ‘‘एवढे लोक सांगतायत ते काय सगळे खोटं?’’ असं त्यांचं म्हणणं. म्हणून हे सविस्तर लिहितेय, त्यांच्यासाठी आणि ज्यांच्या घरी शेगडी अजून माळ्यावर आहे त्या सगळ्यांसाठी.

सुरुवात शेगडीपासूनच करते, कारण बाकीच्या उपायांनी फार तर झाडं जातील, या उपायानं माणूस जाईल.

कोळसा बंद जागेत जळतो तेव्हा हवा कमी पडते आणि तो अर्धवट जळतो. अर्धवट जळणातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. निखारे छान लाल झाले, धूर बंद झाला की आपल्याला वाटतं आता धोका टळला, पण कार्बन मोनॉक्साइड त्या लाल निखाऱ्यांतूनही निघतच राहतो. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतं. आधी डोकं जड होतं, मग गरगरतं, मळमळतं, झोप येते, आणि झोपलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत अंगीठी पेटवून झोपलेली कुटुंबंच्या कुटुंबं सकाळी मृत सापडल्याच्या बातम्या येतात. आपल्याकडे खोलीत शेगडी घेऊन झोपायची रीत नाही, त्यामुळे ही भीती आपल्या अंगात मुरलेली नाही. मेसेज लिहिणाऱ्याला ती नसावी हे मी एकवेळ समजू शकते. पण पुढे ढकलणाऱ्या शेकडो जणांपैकी एकालाही गॅलरीचं दार झोपायच्या खोलीत उघडतं हे सुचू नये, याचा मला संताप येतो. शिवाय भोवती प्लास्टिक आहे, गोणपाट आहे, वाळलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा आहे. एक ठिणगी उडाली की सगळं पेटेल.

आता ‘झाडांचं खाद्य’ याबद्दल. झाडं कार्बन डायऑक्साइड घेतात हे खरं. हॉलंडमधल्या काचघरांत तो मुद्दाम सोडतात हेही खरं. बाहेरच्या हवेत तो दहा लाख भागांत ४२० भागांच्या आसपास असतो, तिथे तो ८०० ते १००० भागांपर्यंत नेतात. पण कधी? दिवसा, उजेड असताना. आणि तो येतो नैसर्गिक वायू स्वच्छ जाळणाऱ्या यंत्रांतून, मोजून-मापून. रात्री अंधारात झाड अन्न तयार करतच नाही. ऑर्किडसारखी काही झाडं हा वायू रात्री साठवून ठेवतात, पण त्यांनाही साध्या हवेतला पुरतो. मध्यरात्रीची शेगडी या हिशेबात कुठेच बसत नाही.

शेगडीनं झाडांचंही नुकसानच होतं, आणि हे शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झालंय. १९०८ साली शिकागो विद्यापीठातल्या विल्यम क्रॉकर आणि ली नाइट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी एका तक्रारीचा छडा लावला. तिथल्या फूलवाल्यांच्या ग्रीनहाऊसमधली कार्नेशनची फुलं उमलेनाशी झाली होती, उमललेली मिटत होती. दिव्यांसाठी नळांतून येणारा गॅस गळत होता, आणि त्या गॅसमधला घातक भाग निघाला एथिलीन. त्यांनी प्रमाणही मोजलं : हवेच्या वीस लाख भागांत एक भाग एथिलीन बारा तास राहिलं तर उमललेलं कार्नेशन मिटतं. दहा लाखांत एक भाग तीन दिवस राहिलं तर पाकळ्या दाखवू लागलेली कळी उमलतच नाही. लाकूड, कोळसा अर्धवट जळताना हेच एथिलीन निघतं. केळीच्या वखारीत पूर्वी धुरी देऊन घड पिकवायचे, ते याच वायूमुळे. म्हणजे जो धूर केळ्याला पिकवतो तोच वन्संच्या डेंड्रोबियम ऑर्किडच्या कळ्या पिवळ्या पाडणार आणि जास्वंदीच्या कळ्या गळवणार. ऑर्किड तर एथिलीनला फारच हळवी. ज्या फुलांसाठी एवढा खटाटोप, तीच आधी जाणार.

प्लास्टिक घट्ट बंद ठेवायचा उपाय कोणत्या गावासाठी लिहिलाय कोण जाणे. हॉलंड ५२ अक्षांशावर आहे. डिसेंबरात तिथे दिवस जेमतेम पावणेआठ तासांचा आणि ऊन कोवळं. सोलापूर साडेसतरा अक्षांशाच्या जरा वर. आपला सगळ्यात लहान दिवससुद्धा अकरा तासांचा भरतो. जानेवारीत दुपारी पारा तिशीच्या आसपास असतो, पहाटे पंधरा-सोळा. थंडीची लाट आली तर दहाच्या आसपास उतरतो, तीही काही दिवसच. गड्ड्याच्या जत्रेत रात्री स्वेटर घालून फिरणारे आपण दुपारी होम मैदानावर सावली शोधतो. अशा उन्हात गच्चीवरचं बंद प्लास्टिक काय करेल? खालची फरशी तापते, आतली हवा बाहेर जाऊ शकत नाही, आणि पारा ४५ च्या पुढे सहज जातो. कॅलाथियाची पानं कडेनं करपतात, नुकतंच उगवलेलं रोप एका दुपारीत संपतं. आणि लोक म्हणतात, ‘थंडीनं गेलं.’

जे उन्हातून वाचतं ते रात्री बुरशीनं जातं. बंद प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाणी धरतं, थेंब ट्रेवर टपकतात, हवा हलत नाही. मग पिथियमसारख्या बुरश्या रोपाला मातीच्या रेषेवर पकडतात. देठ तिथेच बारीक, पाणचट होतो आणि रोप आडवं पडतं. एका कोपऱ्यात सुरू झालं की दोन-तीन दिवसांत अख्खा ट्रे कोलमडतो. सोलापूरच्या आसपास रोपवाटिका चालवणाऱ्या कुणालाही विचारा, रोपं कोलमडण्यावरचा पहिला उपाय वारा हाच सांगतील.

हिवाळ्यात आपल्याकडे उष्ण प्रदेशातल्या झाडांना खरा त्रास देतो तो कोरडेपणा. दुपारी हवेतलं पाणी पार उडालेलं असतं. पानांची टोकं तपकिरी पडतात ती त्यामुळे, आणि आपल्या पाण्यातल्या क्षारांमुळे. बोअरचं जड पाणी सतत घातलं की कुंडीच्या कडेला पांढरी पुटं चढतात, ती सगळ्यांनी पाहिली असतील. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून लोक बोअरवर निभावतात, त्याला इलाज नाही. पण कॅलाथिया आणि ऑर्किडपुरतं तरी पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं पाणी ठेवावं. कुंड्यांखाली विटांचे तुकडे आणि पाणी घातलेले पसरट ट्रे ठेवावेत, आडोशाला ओलं गोणपाट टांगावं. प्लास्टिक दिवसा दोन्ही टोकांनी उघडं हवं. अकरा ते चार वर पन्नास टक्के ऊन अडवणारी शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी हवी. रात्री पारा बारा-तेराच्या खाली जाणार असेल तरच प्लास्टिक खाली सोडायचं, सकाळी ऊन आलं की पुन्हा वर. पाणी सकाळीच. रात्रीची थंडी आणि दुपारचा ताप दोन्ही दाखवणारा थर्मामीटर आत टांगला तर कुणाच्या मेसेजवर विसंबायची गरजच उरत नाही.

बियांबद्दल मेसेज जे सांगतो त्यात एक अर्धसत्य आहे. कठीण कवचाच्या बियांना गरम पाणी देतात. गुलमोहर, बहावा यांच्या बिया रोपवाटिकांत गरम पाण्यातून काढतात. गोकर्णाचं बी सँडपेपरवर हलकं घासून रात्रभर साध्या पाण्यात ठेवलं तरी लवकर फुटतं. पण पिटुनिया, अ‍ॅस्टर, साल्व्हिया, झेंडू यांचं बी उकळत्या पाण्यात टाकणं म्हणजे ते शिजवणं. त्यातून काहीही उगवणार नाही.

दोन बोटं खोल पेरणं तितकंच चुकीचं. पिटुनियाच्या एका ग्रॅममध्ये नऊ-दहा हजार बिया असतात. एवढ्याशा बीच्या पोटात दोन बोटं माती चिरून वर यायची ताकद कुठून असणार? शिवाय पिटुनिया आणि स्नॅपड्रॅगनच्या बीला उगवायला उजेड लागतो. ते ओल्या कोकोपीटवर नुसतं भुरभुरायचं, वर काही टाकायचं नाही, फवाऱ्यानं ओल धरायची. कॅलेंड्युला, फ्लॉक्स, सदाफुली यांना अंधार हवा, त्यांच्यावर पातळ थर द्यायचा. बाकी बियांना स्वतःच्या जाडीच्या दुप्पट माती पुरे. आणि ती आपली काळी माती नको. ती भिजली की चिकट होते आणि वाळली की भेगाळते, कोवळं मूळ तुटतं. धुतलेलं कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत चालतं.

बल्बचा उपाय मला मान्य करावा लागतो, मनाविरुद्ध का होईना. बी उगवायला हवेपेक्षा मातीची ऊब महत्त्वाची. पिटुनिया, झेंडू, झिनिया यांना २१ ते २४ अंश लागतं, आणि जानेवारीच्या पहाटे गच्चीवरचा ट्रे त्याच्या बराच खाली जातो. ट्रेखाली ऊब दिली तर उगवण लवकर आणि एकसारखी होते. फक्त मेसेजनं तीन गोष्टींचा उल्लेखच केला नाही. बल्ब जुना, पिवळ्या उजेडाचा हवा, कारण एलईडी बल्ब ट्रे तापवेल इतकी ऊब देत नाही. तो प्लास्टिकला आणि पाण्याला लागता कामा नये. आणि अंकुर दिसले की ऊब काढून रोपांना भरपूर उजेड द्यायचा, नाहीतर ती उंच, पांढरी, लुळी होतात. पॅन्सीला मात्र यातलं काहीच करू नका. तिला अठरा ते वीस अंशांचा गारवा लागतो, उबेत ती उगवायची नाही. ज्यांना बल्ब नको त्यांनी ट्रे स्वयंपाकघरात ओट्याजवळ ठेवावा, काम भागतं.

युरियाचा उपाय वाचून जास्त वेळ घालवू नका, तो सोडून द्या. थंडीत चाफा आणि अडेनियम पानं गाळतात ती विश्रांतीसाठी. त्या वेळी मुळं पाणी ओढतच नाहीत. सकाळ-संध्याकाळ पाणी दिलं की अडेनियमचा फुगीर बुंधा आतून सडतो, बोटानं दाबला तर मऊ लागतो. मूठभर युरियानं कुंडीतली मुळं जळतात. दोन्ही झाडांना उन्हात ठेवा, पाणी जवळजवळ बंद करा, खत थेट फेब्रुवारीच्या शेवटी नवे कोंब दिसल्यावर द्या.

वन्संच्या पिटुनियाचं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. बी पेरल्यापासून फूल यायला अडीच-तीन महिने जातात. आता जानेवारीत पेरलेलं एप्रिलच्या तापात फुलायला येईल आणि करपेल. सोलापुरात पिटुनिया, पॅन्सी, अ‍ॅस्टर यांची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात करायची, म्हणजे थंडी हाच त्यांचा बहर ठरतो. यंदा हवी असतील तर तयार रोपं विकत घ्यावीत. गॅलरीतले ट्रे आणि तो बल्ब मात्र वाया जाणार नाहीत. जानेवारीच्या अखेरीस त्यांत सदाफुली, झिनिया, चिनी गुलाब, बटणफूल आणि कोंबडा पेरायचा. ही उन्हाळ्याची फुलं आहेत, आपलं ऊन सोसतात, पण मार्चचा ताप सुरू व्हायच्या आत त्यांची मुळं धरलेली हवीत. झिनियाला उपटून लावलेलं सोसत नाही, तिचं बी कागदी कपात घालायचं आणि रोप मुळांच्या मातीसकट कुंडीत सरकवायचं. सदाफुलीला पंचवीस अंशांच्या आसपास ऊब आणि अंधार हवा, म्हणून तिच्या ट्रेवर वर्तमानपत्र झाकायचं आणि पहिलं हिरवं टोक दिसलं की काढायचं. बी वन्संकडे आहे, कोकोपीट मी देणार आहे.