दिव्याचा आणि सॉफ्टवेअरचा संबंध: मालकाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही आमच्या दुरुस्तीच्या दुकानाला दोन स्टार दिलेत. पिनबॉलमध्ये नवीन एलईडी घातले तरी नको ते दिवे मंद पेटत होते, म्हणून मशीन आमच्याकडे आणलंत. आम्ही बल्बना हात न लावता ‘एक चिप बदलून’ ₹4,500 घेतले, 19 दिवस लावले, मुलीचा हाय स्कोअर पुसला आणि अजूनही दोन दिवे रात्री उगाच उजळतात, असं तुम्ही लिहिलंय. दिव्याचा आणि सॉफ्टवेअरचा संबंधच काय, असंही विचारलंय.

आधी हाय स्कोअरचं बोलतो, कारण तिथे चूक माझी आहे. मशीनच्या सीपीयू बोर्डावर, म्हणजे मुख्य सर्किटच्या पाटीवर, तीन पेन्सिल सेल असतात. मशीन बंद असताना स्कोअर आणि सेटिंग्ज त्यांच्यावरच टिकतात. तुमचे सेल गळाले होते आणि खालचे तांब्याचे ट्रॅक हिरवे पडले होते. ते काढणं भाग होतं, आणि काढले की मेमरी जाणारच. पण त्याआधी डिस्प्लेचा फोटो काढून तुम्हाला एक फोन करायला हवा होता. तो केला नाही. मुलीला माझ्याकडून सॉरी सांगा. एवढ्या मेहनतीने केलेला स्कोअर गेल्यावर काय वाटतं ते मला कळतं.

19 दिवसांतले निम्मे दिवस ते ट्रॅक साफ करण्यात आणि सेलचा होल्डर बोर्डापासून लांब बसवण्यात गेले. त्याचे पैसे लावले नाहीत, पण बिलावर तसं लिहिलंही नाही. मग तुम्हाला ते कळणार तरी कसं?

आता दिव्यांकडे येतो. तुमचं ‘फिश टेल्स’ पिनबॉल मशीन 1992 सालचं आहे. त्यात पटाखालच्या प्रत्येक दिव्याला स्वतंत्र वायर नाही. आठ उभ्या आणि आठ आडव्या ओळींची जाळी आहे, म्हणजे 64 जागा. प्रोसेसर एका वेळी एकच उभी ओळ चालू करतो, साधारण 2 मिलिसेकंद, मग पुढची. सगळी फेरी 16 मिलिसेकंदांच्या आसपास पुरी होते. प्रत्येक दिव्याच्या वाट्याला आठवा हिस्साच वेळ येतो, म्हणून 6.3 व्होल्टच्या बल्बला तिथे 18 व्होल्ट दिलेले असतात. कुठला दिवा कधी पेटवायचा हे प्रोग्रॅम ठरवतो. तुम्ही विचारलेला संबंध तो हा.

गडबड होते ती ओळ बदलताना. आडव्या ओळी चालू-बंद करणारे डार्लिंग्टन ट्रान्झिस्टर (एक प्रकारचे इलेक्ट्रॉनिक स्विच) बंद करायला सांगितल्यावरही काही मायक्रोसेकंद चालू राहतात. तेवढ्यात पुढची उभी ओळ चालू झाली, तर मागच्या ओळीतल्या दिव्यासाठीचा करंट शेजारच्या दिव्यात घुसतो. जुन्या बल्बची तार इतक्या वेळात तापतच नाही, त्यामुळे ज्यांनी हा प्रोग्रॅम लिहिला त्यांच्यासमोर हा दोष आलाच नसणार. एलईडीला तापावं लागत नाही. तेवढा निसटता करंटही त्याला पुरतो आणि दिवा मंद दिसतो. तुमचे एलईडी चांगले होते, म्हणूनच त्यांना हात लावला नाही.

प्रोग्रॅम ज्या चिपमध्ये असतो ती मूळ चिप आम्ही वाचून घेतली आणि दिवे चालवणारा तुकडा शोधला. आता तो आधी सगळ्या ओळी बंद करतो, जरा थांबतो आणि मगच पुढची ओळ चालू करतो. सांगायला एक वाक्य लागलं, पण ‘जरा’ म्हणजे किती हे ऑसिलोस्कोप (विजेचे सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावून ठरवायला तीन दिवस गेले. कमी थांबलो तर चुकीचे दिवे तसेच राहतात. फार थांबावं, तर हाच प्रोसेसर स्विच वाचतो, बॉल ढकलणाऱ्या कॉइल सांभाळतो, आणि तो 2 मेगाहर्ट्झचा 6809 हा जुना, संथ प्रोसेसर आहे. त्याच्याकडे उधळायला वेळ नाही. शिवाय एक बाइट बदलला तरी चेकसम (प्रोग्रॅम शाबूत आहे का हे तपासायची बेरीज) जुळत नाही आणि मशीन सुरू होताना एरर दाखवतं, म्हणून तोही जुळवावा लागला. मग सगळं नवीन ईप्रॉममध्ये, म्हणजे प्रोग्रॅम साठवणाऱ्या चिपमध्ये, भरलं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या जुन्या सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशीनच्या कार्डांवर अशी कामं करतच मी हे शिकलो, आणि अशा कामाला मी घाई करत नाही. तुमची मूळ चिप पाकिटात घालून मशीनच्या मागच्या पेटीत ठेवली आहे.

एक गोष्ट मात्र तुम्हाला आधी सांगायला हवी होती. आतमध्ये रेझिस्टर असलेले, घोस्टिंग (असं उगाच मंद पेटणं) न होणारे एलईडी मिळतात. ते घातले असते तर चिप न बदलताही बराच फरक पडला असता. सगळे दिवे पुन्हा विकत घ्यायचे की प्रोग्रॅम दुरुस्त करायचा, हे तुम्ही ठरवायचं होतं. ते मी परस्पर ठरवलं.

उरलेले दोन दिवे. मी ट्यूबलाइट चालू ठेवून तपासणी केली, म्हणून ते नजरेतून सुटले. चुकलंच. प्रत्येक दिव्यासोबत एक डायोड असतो, तो करंट एकाच दिशेने जाऊ देतो. तो लीक करायला लागला की करंट आडवाटेने दुसऱ्या दिव्यात जातो. माझा अंदाज तोच आहे, आणि तसं असेल तर त्याला प्रोग्रॅममध्ये उपाय नाही, डायोडच बदलावा लागतो. दोन्ही दिवे एकाच आडव्या ओळीत निघाले तर ट्रान्झिस्टर बघेन.

शंभर किलोच्या वरचं मशीन परत सातपूरला आणू नका. येत्या मंगळवारी तुमचं हॉटेल बंद झाल्यावर मीच सोल्डरिंग गन घेऊन गंगापूर रोडला येतो. सगळे लाइट घालवून टेस्ट मेनूतून एकेक दिवा दोघं मिळून बघू. याचे पैसे नाहीत. दुरुस्त केलेलं बिलही सोबत आणतो, सेलच्या कामासकट. वेळ जमत नसेल तर दुकानाच्या नंबरवर कळवा.