उत्तर बरोबर, गुण एक

आज संध्याकाळी शेजारच्या मुलीची दहावीच्या पूर्वपरीक्षेची उत्तरपत्रिका बघितली, तेव्हापासून डोकं तापलंय. शाळेचं नाव लिहीत नाही, नाशिकमधल्या कुठल्याही शाळेत हेच घडू शकलं असतं.

बीजगणित, तीन गुणांचा प्रश्न. अंकगणिती श्रेढीचं पहिलं पद ५, सामान्य फरक ४ (म्हणजे प्रत्येक पद आधीच्यापेक्षा ४ ने मोठं), पहिल्या २० पदांची बेरीज काढा. मुलीने आधी विसावं पद काढलं. एकोणीस चोक शहात्तर, त्यात ५, म्हणजे ८१. मग लिहिलं: "पहिलं आणि शेवटचं मिळून ८६. दुसरं आणि शेवटून दुसरं मिळूनही ८६, कारण इकडे ४ वाढले की तिकडे ४ कमी होतात. अशा १० जोड्या. बेरीज ८६०."

त्यावर लाल पेनाने एकच शब्द: "सूत्र?" आणि तीनपैकी एक गुण.

अहो, हेच तर सूत्र आहे! एन ही पदांची संख्या, ए पहिलं पद, डी सामान्य फरक. एन छेद दोन म्हणजे जोड्या किती. कंसातलं दोन ए अधिक, आतल्या कंसात एन वजा एक, गुणिले डी म्हणजे पहिलं पद अधिक शेवटचं पद. पुस्तकातलं सूत्र ही घातलेली घडी आहे, पोरीने ती उलगडून दाखवली. वर्गात गाउसची गोष्ट किती रंगवून सांगतात, लहानपणी त्याने १ ते १०० ची बेरीज जोड्या लावून ५०५० कशी काढली वगैरे. आणि आपल्याच बाकावरच्या मुलीने तेच केलं की दोन गुण कापायचे?

खरा संताप पुढे आहे. त्याच वर्गातल्या एका मुलाचा तोच प्रश्न पाहिला. त्याने सूत्र सुवाच्य अक्षरात लिहिलं, किंमती घातल्या, पण किंमती घालताना आतला कंस गळाला. १० अधिक २० वजा १ गुणिले ४, म्हणजे २६, त्याला दहाने गुणून २६०. गुण दीड. सूत्राला एक, किंमतींना अर्धा. सर्वांत लहान पद ५, मोठं ८१, म्हणजे सरासरी ४३. अशी वीस पदं असताना बेरीज २६० येईलच कशी, हा प्रश्न ना त्या मुलाला पडला ना तपासणाऱ्याला. चुकीच्या उत्तराला दीड आणि बरोबर उत्तराला एक. कंस गळण्याची ही चूक दरवर्षी ढिगाने होते, आणि होते ती सूत्र पाठ असणाऱ्यांचीच, कारण त्यांच्यासाठी कंस म्हणजे नुसती नक्षी असते.

मान्य, शिक्षकांसमोर साठ-साठ पेपरचे गठ्ठे असतात, वर निवडणुकीची कामं आणि सर्वेक्षणं. रात्री अकराला नजर सूत्रच शोधणार. त्या बाईंवर राग नाही माझा, खरंच नाही. पण पायरीला गुण द्यायचे म्हणजे विचाराच्या पायरीला द्यायचे. विसावं पद बरोबर, एक. प्रत्येक जोडी सारखी का हे कारणासकट सांगितलं, एक. दहा जोड्या आणि उत्तर, एक. पर्यायी पद्धत बरोबर असेल तर पूर्ण गुण द्यायचे असतात, गणिताचा पेपर तपासणाऱ्या कोणालाही हे सांगावं लागू नये. प्रश्नात "सूत्राने काढा" म्हटलेलं नव्हतं.

कोणी म्हणेल, पदांची संख्या विषम आली की जोड्यांची पद्धत अडते. बरोबर, तिथे सूत्र सुटसुटीत. मग तेच विचारा ना तिला! मी विचारलं, २१ पदं असती तर? दोन सेकंद थांबली आणि म्हणाली, "शेवटचं ८५ होईल, जोडी ९० ची, दहा जोड्यांचे ९००. मधलं अकरावं एकटं राहील, ते ४५. ९४५." एकवीस छेद दोन गुणिले ९० करून बघा, तेवढेच येतात. अर्ध्या मिनिटाची तोंडी परीक्षा. आपल्या मूल्यमापनात तिला जागाच नाही.

जागा कशाला आहे? चौकटी भरायला. दहावीला गणिताचे दोन पेपर, प्रत्येकी ४० गुण, वर अंतर्गत २०. प्रत्येक पेपरात बहुपर्यायी ४ गुण आणि "कृती पूर्ण करा" प्रकारचे ७, म्हणजे उदाहरण जवळजवळ सोडवून दिलेलं, फक्त रिकाम्या चौकटी भरायच्या. दोन्ही पेपर मिळून २२. अंतर्गतच्या २० पैकी १८ बहुतेक ठिकाणी सढळ हाताने पडतात, गृहपाठाची वही गाइडवरून उतरवलेली असली तरी. पास व्हायला १०० पैकी ३५, म्हणजे लेखीत १७ पुरतात. हिशोब तुम्हीच करा: एकही उदाहरण पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत स्वतः न मांडता मूल दहावीचं गणित पास होऊ शकतं. कच्च्या मुलाला चौकटींचा आधार होतो, हे खरं आहे, नाही म्हणत नाही. पण आधार एवढा की चालायचीच गरज उरू नये?

भूमितीत तर विचारूच नका. पक्ष, साध्य, सिद्धता यांच्यासह प्रमाणाचं मूलभूत प्रमेय (त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर रेषा उरलेल्या दोन बाजूंना सारख्याच प्रमाणात छेदते) मुलं घडाघडा लिहितात. त्रिकोण एबीसीचा पीक्यूआर करा आणि समांतर रेषा आडवीऐवजी तिरकी काढा, निम्मा वर्ग गप्प. उंची समान म्हणून क्षेत्रफळांचं गुणोत्तर पायांच्या गुणोत्तराएवढं, हाच त्या सिद्धतेतला मुख्य धागा आहे. तो हातात असेल तर अक्षरं कुठलीही द्या. पण आमच्या कॉलेज रोडवरच्या क्लासमध्ये "येणारी" प्रमेयं ताऱ्याची खूण करून देतात, बाकीची ऑप्शनला.

आणि हे कुठे चाललंय? देवळालीपासून हाकेच्या अंतरावर. तिथे द. रा. कापरेकर १९३० ते १९६२ शाळामास्तर होते. पीएचडी नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. नुसते आकडे मांडून बघायचे. एमएच १५ च्या कुठल्याही गाडीचा चार आकडी नंबर घ्या, चारही आकडे सारखे नसले म्हणजे झालं. समजा १५०८. आकडे उतरत्या क्रमाने मांडून मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने लहान, आणि मोठ्यातून लहान वजा करा: ८५१० वजा ०१५८, ८३५२. परत तसंच: ८५३२ वजा २३५८, ६१७४. नंबर कुठलाही असो, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतोच, आणि पुढे हलत नाही. पाचवीतली वजाबाकी, पण "असं का होतं?" म्हणून त्यात तासन् तास रमणारा माणूस आपल्या गावचा. त्यांच्या वहीवर कोणी "सूत्र?" लिहिलं असतं तर?

लिहिता लिहिता राग उतरला, आता नुसतं वाईट वाटतंय. मुलगी काही रडली वगैरे नाही. शांतपणे म्हणाली, "काका, बोर्डाला मी आधी सूत्रच लिहीन." मी म्हटलं, जोड्याही लिही, पडताळा होतो. तर म्हणाली, "वेळ नाही पुरत."

दोन तासांत ४० गुण, म्हणजे गुणाला तीन मिनिटं. या प्रश्नाला नऊ मिनिटं होती. तिच्या त्या जोड्यांना दोनसुद्धा लागली नसतील.