बारा जोड्या आणि मी एकटी

लातूरला राहायचं आणि घरात अकरावी-बारावीचं लेकरू असलं की काय हाल होतात ते लातूरवाल्यांनाच विचारा. टीव्ही बंद, पाहुणे बंद, फोडणीसुद्धा आवाज न करता द्यायची. त्यामुळं पोरगी फिजिओथेरपीच्या फर्स्ट इयरला लागली तेव्हा आम्ही म्हणलं, सुटलो बाबा एकदाचे. कसलं काय! नीटला निदान ती एकटी बसत होती, आता आख्खं घर परीक्षेला बसायलंय.

सध्या क्रेनियल नर्व्ह चालू आहेत. मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्या. सॉमरिंग नावाच्या जर्मन पोरानं १७७८ मध्ये डॉक्टरकीच्या प्रबंधात ह्या बारा मोजून ठेवल्या म्हणे, त्याआधी गॅलनच्या हिशोबात सातच होत्या. सातावरच भागवलं असतं तर आमच्या पाच टेस्टा वाचल्या नसत्या का? पण नाही.

आणि ते पाठांतर! कोणती नर्व्ह संवेदनेची, कोणती हालचालीची आणि कोणती दोन्ही कामं करणारी हे लक्षात राहावं म्हणून ती पहाटे पहाटे येरझाऱ्या घालत म्हणते, "सम से मॅरी मनी बट माय ब्रदर सेज बिग ब्रेन्स मॅटर मोर." शब्दाचं पहिलं अक्षर बघायचं, एस म्हणजे सेन्सरी, एम म्हणजे मोटर, बी म्हणजे बोथ. तिच्या पप्पांनी अर्ध्या झोपेत 'मॅरी' आणि 'मनी' एवढंच ऐकलं, चहापर्यंत मला विचारून विचारून भंडावलं की पोरगा कोण आहे, काय करतो.

पहिली नर्व्ह वासाची. एक नाकपुडी दाबून दुसरीनं वास घ्यायचा, मग उलट. पुस्तकात कॉफी लिहिलीय, आमच्याकडं कॉफी पाहुण्यापुरती, म्हणून मी म्हणलं काळ्या मसाल्याचा डबा घे की, गल्लीच्या टोकाला कळतं मसाला भाजायला लागलो की. तर म्हणे तसलं झणझणीत चालत नाही मम्मी, ते पाचवी नर्व्ह ओळखते, पहिली मेली असली तरी माणूस हो म्हणतंय. म्हणजे मिरची भाजताना नाकाडोळ्यात जे झोंबतं तो वास नाहीच, ती आग आहे आणि तिचं खातं वेगळं. कांद्याचंही तेच. झोंबल्याची खबर मेंदूला पाचवी देते, पाणी काढायचा हुकूम सातवीतून येतो. हे सगळं तिनं मला ओट्याला टेकून नीट समजावून सांगितलं, मी तोवर किलोभर कांदा एकटीनं चिरला.

दुसरी, तिसरी, सहावीत विशेष काही नाही, मोबाईलची बॅटरी डोळ्यात आणि "मान हलवू नको, नुसतं बोटाकडं बघ." चौथी मात्र नग आहे. सगळ्यात बारीक, मेंदूच्या देठाच्या मागच्या बाजूनं निघणारी एकटीच, आणि डोळ्याचा एकच स्नायू हलवते. पण ती बिघडली की खाली बघताना एकाचे दोन दिसतात, जिना उतरायची पंचाईत. झालं, मला कुरडयांचं सूप हातात देऊन गच्चीवरनं खाली उतरवलं. पायऱ्या तेवढ्याच दिसल्या, गुडघे मात्र दोनाचे चार झाल्यासारखे दुखले, पण गुडघा सिलॅबसला नव्हता.

पाचवीला कापूस लागतो. कपाळ, गाल, हनुवटी अशा तिच्या तीन फांद्या, तिन्हीवर दोन्ही बाजूंनी हलकेच कापूस टेकवायचा, डोळे मिटून "लागलं" म्हणायचं. कापूस कुठला, तर आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, दुपारभर बसून वळलेल्या फुलवाती! त्या देवघरातनं ओरडल्या, "काय करायलीस गं माय, देवाच्या वाती आईच्या थोबाडाला?"

सातवी तोंडाच्या हावभावाची. भुवया वर, डोळे गच्च, गाल फुगव, दात दाखव. ह्यात एक गोष्ट मला खरंच कामाची वाटली. आपल्याकडं तोंड वाकडं झालं की वारं लागलं म्हणतात आणि विषय संपवतात, पण ही नर्व्हच बसली असेल तर कपाळालाही त्या बाजूला आठी पडत नाही, आणि मेंदूतल्या झटक्यानं वाकडं झालं असेल तर आठी बहुतेक पडते. अर्थात दोन्हीत दवाखाना गाठायचाच, कपाळ बघत घरी बसायचं नाही. आणि ही सातवी कानाखालच्या पॅरोटिड ग्रंथीच्या मधोमध घुसून तिथंच पाच फांद्या फोडते, पण त्या ग्रंथीला स्वतः काहीच देत नाही, ते काम नववीकडं. आमच्या माहेरच्या गावातनं जलद एसटी अशीच धुरळा उडवत जाते, थांबत नाही.

नववीला चमच्याचा दांडा घशात घालतात, त्याबद्दल जेवणानंतर बोलू नये.

दहावी व्हेगस. ही बया मानेतनं छातीत, छातीतनं पोटात उतरते. तिची डावी फांदी तर आवाजाच्या पेटीला जायचं म्हणून आधी छातीत जाते, महाधमनीला वळसा घालते आणि परत वर येते. घसा वाटेतच लागला होता की! आणि एक फांदी कानात. आत्याबाई काडीनं कान कोरायला लागल्या की त्यांना ढास लागते, आम्ही इतकी वर्षं म्हणत होतो नाटक करायल्यात. पोरगी टाळ्या वाजवत नाचली, "आज्जी, व्हेगस!" सगळ्यांना होत नाही म्हणे असं, काही जणांनाच. तेव्हापासून आत्याबाई आल्यागेल्याला कान कोरून दाखवतात. कानात काड्या घालू नका हे डॉक्टरचं वाक्य कोण ऐकतंय?

अकरावी खांदे उडवायची. आमच्या ह्यांची एकदम ठणठणीत निघाली. लाईट बिल भरलं का, गॅस लावला का, पोरीची फी कधी भरायची, सगळ्याला एकच उत्तर, दोन्ही खांदे वर. रोजचा व्यायाम आहे.

राहिली बारावी, जिभेची. जीभ बाहेर काढायची, एका बाजूची नर्व्ह गेली असेल तर ती त्याच बाजूला वळते. पोरगी आज्जीला म्हणाली, तू बघ मम्मीची, मी लिहून घेते. आता सासूपुढं जीभ काढायची संधी शास्त्राच्या नावाखाली कुठल्या सुनेला मिळते? मी काढली. मुळापर्यंत. पोरगी "बास" म्हणाली तरी जरा वेळ तशीच ठेवली.

"आज्जी, सरळ आहे ना?"

आत्याबाईंनी चष्मा वर सरकवला. "हिची जीभ अन् सरळ? पुन्यांदा बघ."