फ्लॉपी आणा, मग बोलू

माझ्या जुन्या कॉम्प्युटरने नवी रॅम ओळखायला साफ नकार दिला. मदरबोर्डवाल्या कंपनीचं म्हणणं, बायोस (मशीन सुरू करणारा, मदरबोर्डवरच बसलेला प्रोग्राम) अपडेट करा. करतो की! पण फाइल विंडोजवरच चालणारी, आणि माझ्याकडे लिनक्स. माझ्यासारख्या विंडोजहीनांसाठी माहितीपत्रकात दुसरी सोय होती: फ्लॉपी घाला आणि मशीन त्यावरून सुरू करा.

फ्लॉपी! सोनीनेसुद्धा २०११ मध्ये जिचा नाद सोडला, ती १.४४ एमबीची चकती मी आता कुठून पैदा करू? गेलो मुंबईतल्या कॉम्प्युटरच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला. (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने टॅक्सीवाला नेत नाही.) दुकानदार म्हणाला, "काका, ड्राइव्ह असेल माळ्यावर एखादी. पण तुमच्या कॅबिनेटात जागा आहे का?" मुंबईत जागा! विषयच संपला.

शेवटी फ्रीडॉस धावून आलं, म्हणजे विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीचा फुकट अवतार. मायक्रोसॉफ्ट डॉसला निरोप देणार असं दिसताच १९९४ मध्ये जिम हॉल या विद्यार्थ्याने ते सुरू केलं होतं. ते पेनड्राइव्हवर चढवलं आणि कंपनीच्या फ्लॉपीवाल्या झिपमधल्या फाइली त्यात टाकल्या. फाइलचं नाव मात्र आठ अक्षरांत बसवा; डॉसला लांबलचक नावं खपत नाहीत. मग मशीन त्यावरून सुरू केलं, कमांड दिली, आणि पडद्यावर ताकीद आली: काम चालू असताना वीज घालवू नका. अर्धवट लिहिलेला बायोस म्हणजे मशीन ठार.

हे मला सांगताय? १२ ऑक्टोबर २०२० ला अख्खी मुंबई अंधारात गेली होती! शिवाय आमच्या यूपीएसच्या बॅटरीने केव्हाच राम म्हटलाय, आणि गिझर व मिक्सर एकदम लागले की घरातला फ्यूज उडतो. गिझर चालू होता.

"चटणी वाटायचीय रे, मिक्सर लावू का?"

"आई, नको! हात लावू नकोस!"

"असं काय चाललंय तिथे, बाळंतपण?"

टक्केवारी सरकेना. मी श्वास रोखून उभा, आई खोबरं घेऊन उभी. अखेर शंभर झाले, मशीन पुन्हा सुरू झालं, रॅम पूर्ण दिसली. फक्त नव्या बायोसने सगळी सेटिंग्ज मूळपदावर नेली होती, आणि त्याच्या मते मूळपदाला प्रत्येक मशीनला फ्लॉपी ड्राइव्ह असतेच. पडद्यावर अक्षरं उमटली: फ्लॉपी डिस्क फेल, पुढे जाण्यासाठी एफ-१ दाबा.

दाबला. तिकडे मिक्सर घरघरला.