भडंगाच्या कागदावरचा हिशेब

रविवारी पप्या सांगलीत विश्रामबागच्या कट्ट्यावर आला आणि भडंगाला हात न लावता बसला. म्हणजे घरात काहीतरी शिजलंय. पोरीला बारावीनंतर मानसशास्त्रात बी.ए. करायचंय आणि तेही पुण्याच्या एका खासगी विद्यापीठात. वर्षाला दोन लाख फी, हॉस्टेल वेगळं.

"कर्ज काढतो," पप्या म्हणाला. "पोरगी हुशार हाय."

"आरं पण बी.ए.ला भाव काय निघतो?" सुन्या म्हणाला. सुन्याची हळदीची अडत आहे. त्याला देवळातल्या घंटेचाही भाव सांगता येतो.

अण्णा निवृत्त बँकवाले, कर्ज खात्यात केस पांढरे झालेले. त्यांनी भडंगाचा कागद रिकामा केला, खिशातलं पेन काढलं. "तीन वर्षांचे सहा लाख. व्याज दहा टक्के धर. शिकत असताना आणि त्यापुढं एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चालूच. पहिल्या दोन लाखांना चार वर्षं, दुसऱ्यांना तीन, तिसऱ्यांना दोन. सरळव्याजानं झाले १,८०,०००. म्हणजे पहिला हप्ता यायच्या आधीच देणं ७,८०,०००. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला १०,३००."

"आणि पंधरा वर्षं केली तर?"

"८,४००च्या आसपास. पण एकूण पंधरा लाख मोजशील."

हॉस्टेल यात धरलंच नव्हतं. पप्यानं आता भडंगाचा एक बकाणा मारला.

माझी मावसबहीण मानसशास्त्रात एम.ए. आहे. सीबीएसईच्या शाळांना समुपदेशक ठेवावा लागतो, म्हणून तिला लगेच नोकरी लागली. पगार १८,०००. वर कुणी शिक्षक रजेवर असला की त्याचा तासही हिच्याच गळ्यात. हे मी सांगितलं आणि मास्तर उसळले.

"तुम्ही नुसता पगार बघताय. गरज बघा की! सरकारनं २०२२ साली मन खचलेल्यांना फोनवर आधार द्यायला टेलिमानस काढलं, १४४१६ नंबर दिला, ते काय उगीच? आपल्याकडं पोरं मार्कांपायी जीवाचं बरंवाईट करतात, शेतकरी करतो. माणसं लागणार आहेत."

"गरज असणं येगळं आणि पैशे देणारं गिऱ्हाईक असणं येगळं," सुन्या म्हणाला. "मिरजंला डॉक्टरकडं हजार रुपये देतील, पण नुसतं बोलायला शंभर द्यायला जीवावर येतंय लोकांच्या."

सुन्याचं बोलणं कधीकधी नको इतकं बरोबर असतं.

पण माझ्या मते खरी गोम तिसरीकडंच होती. बी.ए. झालं म्हणजे कुणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मनाच्या आजारांवर उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ, होत नाही. त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि नोंदणीला परिषदेनं मान्य केलेलं, रुग्णांसोबतचं प्रशिक्षण लागतं. आजवरचा नेहमीचा रस्ता म्हणजे बी.ए., एम.ए. आणि वर दोन वर्षांचं एम.फिल. त्यातही २०२२ साली यूजीसीनं एम.फिल. बंद केलं आणि या विषयाला पुढं काही वर्षांची सूट दिली, म्हणजे पोरगी तिथवर पोचेपर्यंत रस्ता बदललेला असणार. सात वर्षं धर. आणि बँकेचा हप्ता पाचव्या वर्षी दारात.

"शिक्षण चालू असलं तर मुदत वाढवून मिळते," अण्णा म्हणाले, "पण मीटर पडत राहतं."

मास्तरांचा भाचा इंग्लंडात आहे. "तिथं बरं असतंय. २०२३पासून शिकायला लागलेल्यांना वर्षाला २५,००० पौंडांच्या वर जी कमाई असेल तिच्या नऊ टक्के कापतात. कमाई तेवढी नसली तर काही नाही. चाळीस वर्षांनी उरलेलं माफ."

"आपल्यात माफ नसतंय मास्तर. आपल्यात कागदावर बापाची पण सही असती," अण्णा म्हणाले. "पोरीला पगार नसला की फोन पप्याला. आणि साडेसात लाखांच्या वर गेलं तर तारण. तुझं गॅरेज गहाण टाकणार आहेस का?"

पप्या गप्प.

मी म्हटलं, बी.ए. इथंच अनुदानित कॉलेजात कर की. फी काही हजारांत. कर्ज राखून ठेव, जिथं नोंदणी मिळते त्या शिक्षणाला काढ. आणि पोरगी खरंच हुशार असेल तर बंगळूरच्या निमहान्सला, सरकारच्या मानसिक आरोग्य संस्थेत, जाईल, तिथं एम.फिल.च्या पोरांना उलट विद्यावेतन देत आलेत. जागा मूठभर असतात ही गोष्ट वेगळी.

सगळ्यांना पटलं. पप्याला सोडून.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "तिला मानसशास्त्र इथं बी चालंल, असं मीच म्हणत होतो. पण तसं न्हाई लगा. तिला सांगलीतनं भायेर पडायचंय. आठ वाजता घरी ये, कुणाबरोबर होतीस, ह्याचा कंटाळा आलाय तिला. मला तोंडावर म्हणाली न्हाई. आईला म्हणाली."

मास्तरांनी चष्मा पुसला. सुन्यानंही भाव विचारला नाही.

अण्णांनी कागद पुन्हा ओढला आणि उलटा केला. "मग असं कर. पुणंच, पण अनुदानित कॉलेज. राहण्या-जेवणाला वर्षाचे लाख धरू. तीन लाखांचं कर्ज. चार लाखांपर्यंत तारणही नाही, जामीनदारही नाही. वरच्याच हिशेबानं बरोबर निम्मं. हप्ता ५,१५०."

पप्यानं आकडा दोनदा वाचला. तेलाचे डाग पडलेला कागद नीट चौकोनी घडी करून खिशात घातला.

"तिला दाखवतो," म्हणाला. "अक्षर तुमचं हाय अण्णा, म्हंजी माझ्यावर येणार न्हाई."