रस्त्यावर उभं राहून व्हिडिओ काढणं हा गुन्हा नाही

‘पोलीस, सरकारी कर्मचारी किंवा इमारतीचा विनापरवानगी व्हिडिओ काढल्यास ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्टखाली 14 वर्षे कैद, मोबाइल जप्त. सर्वांना कळवा.’ हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर आला आणि माझ्या मावसभावाने घाबरून आपला व्हिडिओ डिलीट केला. टोइंगवाल्यांनी त्याची दुचाकी उचलताना आपटली, त्याचा तेवढा एकच पुरावा होता. असल्या मेसेजने नुकसान होतं ते असं.

आधी ती 14 वर्षं. हा कायदा 1923 सालचा, हेरगिरीविरुद्धचा. त्याचं कलम 3 लागायला देशाची सुरक्षा किंवा हित धोक्यात आणण्याचा हेतू लागतो, आणि 14 वर्षांची तरतूद आहे ती संरक्षणाशी संबंधित ठिकाणांसाठी. रस्त्यावरच्या टोइंगचा त्याच्याशी काय संबंध? वर्ध्याच्या पोलीस ठाण्यात शेजाऱ्यांच्या वादावरून बोलणं चालू असताना एकाने व्हिडिओ काढला, म्हणून त्याच्यावर याच कायद्याखाली गुन्हा नोंदवला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जुलै 2022 मध्ये तो रद्द केला. न्या. मनीष पितळे आणि न्या. वाल्मिकी मिनेझेस यांनी स्वच्छ सांगितलं, की कलम 2(8) मधल्या ‘प्रतिबंधित ठिकाणा’च्या व्याख्येत पोलीस ठाणं येत नाही. खुद्द ठाण्यात जो गुन्हा होत नाही, तो भर चौकात कसा होईल?

मेसेजच्या पुढच्या ओळीत ‘सरकारी कामात अडथळा, 353’ असंही आहे. जुन्या भारतीय दंड संहितेचं ते कलम 353 आता नव्या भारतीय न्याय संहितेचं कलम 132 झालंय, आणि त्याला हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. चार हात लांब उभं राहून मोबाइल धरणं म्हणजे हल्ला नव्हे. वाट अडवली, कॅमेरा अंगावर नेला, तर मात्र अडथळ्याचं कलम 221 लागू शकतं, हे कबूल.

मोबाइलचं म्हणाल तर गुन्ह्याशी संबंध असल्याचा संशय असेल तर पोलीस तो जप्त करू शकतात, पण दंडाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. ‘डिलीट कर’ म्हणायचा अधिकार कुठल्या कलमात आहे, ते मेसेज लिहिणाऱ्याने दाखवावं! उलट भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी कारवाईची पद्धत ठरवणाऱ्या नव्या कायद्याचं, कलम 105 पोलिसांनाच झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायला लावतं.

इमारतींचं तर सोडाच. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये वास्तूचं छायाचित्र काढायला थेट मुभा आहे.

बंधनं आहेत, नाही असं नाही. लष्करी आस्थापनांपाशी कॅमेरा काढू नये. बाईला चोरून तिच्या खाजगी क्षणी टिपणं हा न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे. बलात्कारपीडितेची किंवा अत्याचारग्रस्त मुलाची ओळख उघड करणं हाही गुन्हाच. त्या मेसेजमध्ये यातलं एक अक्षरही नाही.