सामान त्यांच्या गाडीत चढलं की आपलं बोलणंच संपतं

घर बदलताना सगळं सामान पॅकर्स-मूव्हर्सवाल्यांच्या हवाली केलं, त्याला आज अकरावा दिवस. 'चार, फार तर पाच दिवसांत पोचेल' असं सांगितलं होतं. रिकाम्या घरात सतरंजीवर बसून हे लिहितेय आणि ड्रायव्हरचा फोन सकाळपासून बंद आहे.

पाहणीला आलेला माणूस काय गोड बोलत होता! कपाटं उघडून बघितली, माळ्यावर टॉर्च मारला, घनफुटांचा हिशेब केला, 'मॅडम, निर्धास्त राहा' म्हणाला. तो मला पुन्हा दिसलाच नाही. बांधायला आली ती माणसं वेगळी, गाडी तिसऱ्याच कुणाची, ड्रायव्हर चौथ्याचा. ठरवणारा मधले पैसे काढून मोकळा झाला आणि काम खाली खाली ढकलत गेला. त्या ड्रायव्हरने तर मी ज्यांना पैसे दिले त्यांचं नावही ऐकलेलं नव्हतं.

मी तीनदा विचारलं होतं, अख्खी गाडी आमचीच ना? हो म्हणाले. धडधडीत खोटं. वाटेत कुठल्याशा गोदामात सगळं उतरवलं आणि दुसऱ्या घरांच्या सामानासोबत वेगळ्या गाडीत कोंबलं. पार्ट लोड आहे, म्हणजे एकाच गाडीत अनेकांचं सामान जाणार, असं आधी सांगितलं असतं तर मी काचेचं सामान वेगळं पाठवलं असतं. प्रत्येक चढ-उतारीत फुटतुटीचा धोका वाढतो, हे काय त्यांना माहीत नाही?

फ्रिजवर मी स्वतः मार्करने बाण काढून 'उभाच ठेवा' लिहिलं होतं. आडवा केला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांमध्ये उतरतं. गोदामातून आलेल्या फोटोत फ्रिज आडवा, आणि त्यावर कुणाची तरी गादी. वॉशिंग मशीनचा ड्रम हलू नये म्हणून लावायचे बोल्ट मी वर्षानुवर्षं जपून ठेवले होते. ते हातात दिले तर 'लागत नाहीत ते' म्हणून खिडकीत ठेवून दिले. अहो, मग कंपनी मशीनबरोबर ते देते कशाला?

पण सगळ्यात जास्त डोकं फिरलं ते सामानाची यादी नीट वाचल्यावर. ४७ नग, आणि जवळजवळ प्रत्येकापुढे 'जुने, ओरखडे' असं लिहिलेलं. दोन महिन्यांपूर्वी घेतलेल्या टेबलापुढेसुद्धा! म्हणजे उद्या पाय मोडून आला तर 'आधीपासूनच तसं होतं' म्हणायला मोकळे. आजीचं शिलाई मशीन, ज्यावर तिने आम्हा सगळ्या नातवंडांचे कपडे शिवले, ते यादीत 'लोखंडी वस्तू, १' आहे. एवढंच. गडबडीत, खाली गाडीचा हॉर्न वाजत असताना, मी त्यावर सही केली. घाई ते मुद्दामच करतात, आता कळतंय.

विम्याचे म्हणून वेगळे पैसे घेतले. कागद मागितला तर त्यांच्याच पावतीवरची एक ओळ दाखवली. विमा कंपनीचं नाव नाही, पॉलिसी क्रमांक नाही. हा विमा नाहीच, ही फसवणूक आहे.

आणि परवा फोन : 'सामान अंदाजापेक्षा जास्त निघालं, फरक भरा, मग गाडी पुढे निघेल.' अंदाज कुणी काढला होता? मी? सगळं घर त्यांच्या ताब्यात असताना मी नाही कशी म्हणणार? भरले पैसे. गाडी तरीही आलेली नाही.

येईल तेव्हा 'माल सुस्थितीत मिळाला' असा कागद पुढे करतील. एकेक खोका उघडून बघितल्याशिवाय मी त्यावर सही करणार नाही. हमालांना रात्र झाली तरी चालेल, ड्रायव्हरने कितीही आरडाओरडा केला तरी चालेल. सगळ्यात आधी ते शिलाई मशीन उघडणार, चाक फिरतंय का बघणार.